नाटकाचा बोलपट

चांगल्या नाटकाचा बोलपट झाला की त्या नाटकाचे काही तरी बिघडलेच, अशी आमच्या अण्णांची ठाम समजूत होती. तीस वर्षे त्यांनी महाविद्यालयात शेक्सपिअर शिकविला. तेव्हा असे समजण्याचा त्यांना अधिकारही होता. ‘पाचव्या हेन्री’चा सूत्रधार आरंभीच येऊन प्रेक्षकांची जवळजवळ क्षमा मागतो. या चार फळ्यांवर फ्रान्सची रणभूमी मावायची नाही. आम्ही घोड्यांचे नाव काढले की ते डोळ्यांपुढे उभे करण्याचे काम आपणच करावे, अशी त्याची विनवणी असते. अण्णा म्हणत, “बोलपटवाला खरेच घोडे आणून उभे करतो. मग प्रेक्षकाने करायचे काय? शेंगदाणे खायचे?”

त्यांचे हे म्हणणे मी बरीच वर्षे प्रमाण मानले. पुढे लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४४ सालचा ‘पाचवा हेन्री’ पाहण्यात आला आणि माझी निष्ठा डळमळू लागली. हा गृहस्थ एकदम रणांगणावर जातच नाही. तो आपल्याला प्रथम १६०० सालच्या लंडनमध्ये, ग्लोब नाटकगृहात नेऊन बसवितो. तिथे गर्दी आहे, गलका आहे, मध्येच पावसाची सर येऊन नटांची तारांबळ उडते. आत स्त्रीभूमिकेसाठी एक पोर संत्री लावून चोळी भरतो आहे. (बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, आमच्याकडे मात्र हा कारभार अधिक नजाकतीचा होता!) आणि राजा प्रवेश करण्यापूर्वी आडोशाला उभा राहून चक्क खाकरतो. त्या एका खाकरण्यावर मी बोलपटाचे सारे अपराध पोटात घालायला तयार झालो. पुढे नाटकगृहाच्या भिंती कधी विरल्या ते कळत नाही. फ्रान्सचे राजवाडे येतात तेही जुन्या पोथीतल्या रंगीत चित्रांसारखे, सपाट आणि खोटे. इतकी कल्पनेची तालीम करून घेतल्यावर मग खरे आकाश, खरे गवत आणि खरे घोडे. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग भरधाव. आणि एकाएकी बाणांचा सूत्कार. इंग्लंडात युद्ध चालू असल्यामुळे हा प्रसंग आयर्लंडमध्ये चित्रित केला होता. शेवटी आपण पुन्हा ग्लोबमध्ये येतो, तो राजकन्येच्या जागी तोच वेष घेतलेला पोर!

हे सारे मी अण्णांना उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, “सूत्रधार ठेवला, एवढे बरे केले.” (कुरोसावाने १९५७ साली ‘मॅकबेथ’ जपानी किल्ल्यात नेला आणि शेक्सपिअरचे एक वाक्यही शिल्लक ठेवले नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेच नाही.)

पुढे अण्णांना ऐकू येईनासे झाले. नाटकाला जाणे सुटले. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणे ओळखीत. एका संध्याकाळी मी ऑलिव्हिएचा १९४८ सालचा ‘हॅम्लेट’ घरी लावला. पडद्यावर अक्षरे उमटत नव्हती, पण त्यांना ती लागणारही नव्हती. नाटक त्यांना मुखोद्गत होते. रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न यांना साफ गाळले आहे, हे मी आधीच सांगून टाकले. ते रागावले, तरी बसून राहिले.

दरबार उठून गेला. हॅम्लेट एकटा उरला आणि त्याचे पहिले स्वगत सुरू झाले. पण त्याचे ओठ मिटलेले! हे स्वगत ऑलिव्हिएने बहुतेक मनातल्या मनातच बोलविले आहे. शब्द मला ऐकू येत होते. अण्णांच्या दृष्टीने मात्र हॅम्लेट मुका झाला होता. मी घाईघाईने कागद-पेन्सिल शोधू लागलो. इतक्यात अण्णांनीच सुरुवात केली. वर्गातला तोच खर्जातला आवाज, आता थोडा फुटलेला. पडद्यावरच्या आवाजाच्या ते ओळ-दीड ओळ मागे होते. मधूनच हॅम्लेटच्या तोंडावाटे एखादा उद्गार निघे. तेवढ्यापुरते अण्णा थांबत, ओठ निरखून आपली जागा सावरून घेत आणि ओठ मिटले की पुढे चालू लागत. दोन आवाज एकमेकांत अडखळत होते. मी हळूच हात लांबवून यंत्राचा आवाज बंद केला.

खेळ संपल्यावर त्यांनी विचारले, “त्या पहिल्या स्वगताला आवाज कसा लावला आहे रे त्याने?”

“पुन्हा एकदा ऐकून सांगतो.”

“म्हणजे? तू इथेच तर बसला होतास!” असे म्हणून त्यांनी रोझेनक्रांट्झची तक्रार पुन्हा उकरून काढली.