एकाच वाड्यांत दुसरें बिऱ्हाड

आमच्या कै. काकांनीं निवृत्तीनंतर नऊ वर्षें खपून घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरविला होता. गेल्या पितृपंधरवड्यांत तो जुना संगणक बंद पडला तो पुन्हां उठलाच नाहीं. सुदैवानें आंतील हार्ड डिस्क शाबूत होती. पण काकांची मराठी लेखनप्रणाली युनिकोड रूढ होण्यापूर्वींची, विंडोज एक्सपीवरच चालणारी. आमच्या लिनक्स संगणकावर तें लेखन उघडलें तों अक्षरांऐवजीं नुसतीं रोमन चिन्हें! "मग त्यांचीं नऊ वर्षें फुकटच गेलीं म्हणायचीं?" एवढेंच ती. काकू म्हणाल्या.

तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, आपल्याच संगणकांत त्या जुन्या प्रणालीस स्वतंत्र बिऱ्हाड थाटून द्यावें. लिनक्सच्या गाभ्यांत २००७ सालापासून केव्हीएम नामक सोय आहे. तिच्यायोगें मेमरीचा व डिस्कचा ठराविक वांटा देऊन एक आभासी संगणक उभारतां येतो. पाहुण्यास वाटतें, सारें घर आपलेंच. वस्तुतः किल्ल्या यजमानाच्या हातीं! मात्र प्रोसेसरच्या वर्णनांत इंटेलचा 'व्हीएमएक्स' वा एएमडीचा 'एसव्हीएम' हा शब्द असावा लागतो. तो आमच्याकडे होता.

प्रथम 'डीडी' या आज्ञेनें संबंध डिस्कची नक्कल एका फाइलींत उतरविली. या आज्ञेंत 'आयएफ' म्हणजे मूळ व 'ओएफ' म्हणजे नकलेचें ठिकाण. हीं दोन उलटलीं तर मूळच पुसलें जावयाचें! म्हणून ती ओळ आम्हीं तीनदां वाचली आणि मगच कळ दाबली. पुढें 'क्यूईएमयू-आयएमजी' या साधनानें त्या नकलेस 'क्यूकाऊ-टू' हें रूप दिलें. शेवटीं 'व्हर्ट-इन्स्टॉल' या आज्ञेस सांगितलें: मेमरी १०२४ मेगाबाइट, प्रोसेसर एक, आणि नवें कांहीं न बसवितां आहे तीच डिस्क चालू करावी. एक्सपीची अधिकृत देखभाल २०१४ सालीं संपली असल्यामुळें इंटरनेटचें दार मुद्दाम बंद ठेविलें.

पडदा निळा झाला आणि यंत्र थांबलें. चूक आमचीच होती. वेगाच्या लोभानें आम्हीं डिस्क 'व्हर्टआयओ' पद्धतीनें जोडली होती. ती भाषा त्या वृद्ध पाहुण्यास ठाऊकच नव्हती. तिच्या जागीं 'आयडीई' ही जुनी पद्धत लिहितांच तो ओळखीच्या खोलींत आल्यासारखा जागा झाला.

कुलवृत्तांत उघडला. पुरुषांच्या नोंदी पूर्ण. सुनांच्या माहेरचा रकाना मात्र जागोजागीं कोरा, आणि काकूंच्या नांवापुढें काकांनीं लिहिलें होतें, 'हिला विचारून भरणें.'

काकू बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "लिही, मी सांगतें."

यंत्र जुनें झालें तरी त्यास घरांत जागा करून देतां येते. माणसांस विचारावयाचें राहिलेलें मात्र वेळींच विचारावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें.