दुकान वाढवताना

मी कळंब्याला राहतो असे सांगितले, की ऐकणाऱ्याला एक तर तलाव आठवतो, नाही तर मध्यवर्ती कारागृह. एका मित्राने तर "आत की बाहेर?" असेही विचारले होते. मला मात्र कळंबा म्हटले की आप्पांचे दुकान आठवते.

आप्पा रोज रात्री नऊला दुकान 'वाढवीत'. 'बंद' हा शब्द त्यांनी दुकानाच्या बाबतीत कधी उच्चारला नाही. एवढे वाढवूनही ते दुकान चाळीस वर्षांत वीतभरदेखील रुंद झाले नाही, ही गोष्ट निराळी! व्यापारी माणूस पैशापेक्षाही शब्दाला अधिक भितो, असे माझे मत आहे. धान्य मापताना आप्पा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. आणि सकाळची भवानी झाल्याखेरीज उधारीचे नाव काढू देत नसत.

उमेदीच्या काळात ते शाहूपुरीत एका अडत्याकडे दिवाणजी होते. शाहूमहाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारपेठ गुळामुळे नावारूपाला आली. कोल्हापुरात अजूनही दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. पूर्वीच्या बाजारांतले रुमालाखालचे सौदे आप्पा फार रंगवून सांगत. खाली बोटांची दाबादाबी, आणि वर चेहरे असे, की दोघे एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करीत असावेत! पुढे उघडे लिलाव आले, रुमाल गेला. आप्पांच्या जिभेवर मात्र तो शेवटपर्यंत राहिला. पैसे मागणे त्यांना जमतच नसे. "सवडीनं द्या की. पळून चाललाय व्हय?"

एका वर्षी माझा पगार चार महिने अडला. त्या दिवाळीला आप्पांनी एवढेच विचारले, "मास्तर, रवा किती बांधू?"

आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. शेजारी एक बोलका डबा आहे. परवा काडेपेटी घेऊन मोबाईल दाखवला, तर "दोन रुपये प्राप्त झाले" असे त्याने साऱ्या गल्लीला कळवले. माझ्या ऐपतीची एवढी दवंडी आजवर कुणी पिटली नव्हती.

लक्ष्मीपूजनासाठी माळा झाडताना मुलाला जुन्या वह्या सापडल्या. माझे पान त्याने कौतुकाने पुढे केले. त्या चार महिन्यांची बेरीज होती, आणि खाली आप्पांच्या वळणदार अक्षरात 'सर्व पोचले'.

मला चांगले आठवते, मी निम्मेच दिले होते. उरलेले सवडीने द्यायचे होते. ती सवड होईपर्यंत आप्पा गेले.

मी मोबाईल बाहेर काढला. रक्कमही आठवत होती. पण तो डबा ती रक्कम गल्लीभर सांगणार, मुलगा कशाचे म्हणून विचारणार, आणि मला सांगावे लागणार की तुझ्या वडिलांनी वहीत खोटे लिहिले आहे. उभ्या हयातीत वजनात गुंजभर खोट न केलेल्या माणसाबद्दल!

मोबाईल हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

"बसा की मास्तर," मुलगा स्टूल पुढे सरकवीत म्हणाला, "दुकान वाढवायला अजून वेळ हाय."