गॉलीच्या काठावरील नौकापारख

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात सप्टेंबरात समर्सव्हिल धरणाचे पाणी सुटते आणि गॉली नदी खडकांवरून फेसाळत धावू लागते. तेथे अनेक नाविक कयाकमध्ये बसून दुपाती वल्हे चालवितात. गुडघे टेकून एकपाती वल्हे चालविणारे मोजकेच. ते पुष्कळदा खडकाळ ओढ्यांसाठी घडविलेली जुनी कयाक घेऊन तिचे बंद कॅनूत रूपांतर करतात. आसन काढून फोमचे खोगीर व मांड्यांचे पट्टे बसवावयाचे, हे काम सोपे. कस लागतो तो निवडीत. गुडघ्यांवर बसल्याने शरीराचा भार उंचावतो, अरुंद नौका चटकन कलंडते. म्हणून बूड रुंद हवे, तोंडही ऐसपैस हवे. स्वस्त मिळाली म्हणून लहान तोंडाची घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार, कारण उलटल्यावर गुडघे अडकले तर प्राणांशी गाठ असते. जाणता गिऱ्हाईक रंगाकडे पाहत नाही. कोरड्या काठावरच आत शिरतो, पट्टे आवळतो आणि किती झटकन बाहेर पडता येते ते पाहतो.