जांबे : तीन पाण्यांमधले गाव

मुळशी तालुक्याच्या ईशान्य कडेला, हिंजवडी-मारुंजीच्या उंच इमारतींच्या पलीकडे जांबे हे गाव वसलेले आहे. एकीकडे भातखाचरे, ऊस आणि भाजीपाला. दुसरीकडे प्लॉटिंगच्या पाट्या. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट करावयाच्या गावांच्या प्रस्तावात या गावाचे नाव आहे. गाव उद्या शहरात गेले, तरी त्याचा मूळ प्रश्न तोच राहील : पाणी कोणाचे, आणि पाऊस कमी पडला तर प्रथम कोणाचे?

गावाच्या उत्तरेकडून पवना वाहते, पश्चिमेस कासारसाईचा छोटा जलाशय आहे, तर दक्षिणेस हिंजवडीपलीकडून मुळा जाते. या तीन पाण्यांच्या तीन तऱ्हा आहेत. कासारसाईची साठवण जेमतेम ०.५७ टीएमसी, ती मुख्यतः आसपासच्या शेतीसाठी. पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेआठ टीएमसी आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच खाली येते आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ शहरासाठी उचलले जाते. मुळेची कथा निराळी. मुळा व निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधले, त्या वेळी १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झालेच, त्यातले पाणी आज सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरते.

घाटमाथ्यावर ताम्हिणीच्या बाजूस पाऊस कोसळतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. पुण्यापुढे दौंड-इंदापूर गाठेपर्यंत अवर्षणाचा प्रदेश सुरू होतो. म्हणून चार महिन्यांत माथ्यावर पडलेले पाणी अडवून पुढील आठ महिने पुरवणे, हेच या खोऱ्याचे गणित. पंधरा ऑक्टोबरला हाती असलेला साठा पुढील पंधरा जुलैपर्यंत पुरवायचा, या हिशेबाने पिण्याचे पाणी प्रथम बाजूला ठेवून शेतीची आवर्तने ठरतात. पावसाळा उशिरा आला, तर शेवटचा महिना सर्वांत कठीण जातो.

पवनेचे पाणी मुळेला दापोडीजवळ मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात येते. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, म्हणजे पवनेच्या सहापट. परंतु हे मोठे भांडे भरते ते वरच्या लहान भांड्यांच्या ओसंडण्यावर. चांगल्या वर्षी हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. अवर्षणाच्या वर्षी वरची धरणे आपापली तहान भागवितात आणि खालचे रिकामे राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीतील उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले, हे सोलापूरकर विसरलेले नाहीत.

यावर कायद्याने उपाय सांगितला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा म्हणतो की, टंचाईचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी जवळजवळ सारखी राहावी. तत्त्व निर्दोष आहे. मात्र ते पाळायचे तर भरलेल्या धरणाने आपले पाणी सोडावे लागते, आणि सोडलेले पाणी कोरड्या पात्रात मुरते, वाटेत मोटारींनी उपसले जाते. तळाशी पोहोचते ते निघालेल्यापेक्षा कमीच.

पाणी नळातून न्यावे की नदीतून, हा वाद याच गळतीतून उभा राहिला. बंदिस्त जलवाहिनीने शहराचे पाणी वाचेल व स्वच्छ येईल, असे महापालिकेचे म्हणणे. नदी कोरडी पडली तर काठच्या विहिरी आणि उपसा योजना कशावर जगणार, हा मावळातल्या शेतकऱ्यांचा प्रश्न. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन जणांचा बळी गेला. तो दिवस पवनेच्या काठावर आजही जड मनाने आठवला जातो. इकडे शहरानेही झळ सोसली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी मिळू लागले.

जांब्याला दोन्ही बाजू कळतात. गावाची शेते नदीखोऱ्यातील ओलाव्यावर जगतात, तर उद्याच्या सदनिका नळावर. म्हणून येथे जुनीच कामे अधिक मोलाची ठरतात : ओढ्यांचे गाळ काढणे, विहिरींचे पुनर्भरण, छतावरचे पाणी जमिनीत जिरवणे, शेताला ठिबक. गावात जिरलेल्या पाण्याला धरणाच्या दरवाज्यांची वाट पाहावी लागत नाही. पवनेच्या आणि उजनीच्या पाण्याचा वाटा सरकारदरबारी ठरेल. जांब्याच्या शिवारात पडणाऱ्या पावसाचा हिशेब मात्र जांब्यानेच ठेवायचा आहे, आणि तो इमारती उठण्यापूर्वी ठेवला, तरच उपयोगाचा.