पहिला दिवस कोणता?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २८ वर्षं गणित शिकवलं. सहावीला लसावि शिकवताना माझं एक ठरलेलं उदाहरण असे: गल्लीत तीन दिवसांआड नळाला पाणी येतं, टँकर दर सहाव्या दिवशी येतो, दोन्ही एकाच दिवशी किती दिवसांनी येतील?

पहिल्या वर्षी मी फळ्यावर ३ आणि ६ लिहून उत्तर ६ काढलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, तीन दिवसांआड म्हणजे चौथ्या दिवशी. मधले तीन दिवस कोरडे.’’ दिवसाआड म्हणजे दोन दिवसांतून एकदा, तसंच हे. मी लगेच ३ पुसून ४ केले, लसावि १२ आला. ही चूक मी पुढे दर वर्षी वर्गाला सांगत आले.

दुसरी चूक मात्र मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

काही वर्षांनी एका मुलाने विचारलं, ‘‘बाई, पण टँकर पहिल्यांदा कोणत्या दिवशी आला?’’ मी म्हटलं, ‘‘दिलेलं नाही ते विचारायचं नाही.’’ चाचणीत त्याने लिहिलं, ‘नळ सोमवारी आला आणि टँकर मंगळवारी, तर एकाच दिवशी कधीच येणार नाहीत.’ मी लाल पेनने काट मारली, शून्य दिलं आणि शेरा लिहिला: वात्रटपणा. त्यानंतर त्याने वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर सासूबाईंना पक्षाघात झाला. घरात मी एकटीच. नळ दर चौथ्या दिवशी, भल्या सकाळी. त्याच वेळेला दर सहाव्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या ताई यायच्या आणि सासूबाईंना धरायला मी लागायची. दोन्ही एकदम आलं तर पाणी कोण भरणार? सवयीने मनातल्या मनात लसावि काढला: १२. जुलैच्या १ तारखेला पाणी आलं होतं, म्हणून शेजारच्या मुलीला १३ तारखेला मदतीला बोलावलं. त्या दिवशी तिचं कॉलेजमध्ये प्रात्यक्षिक होतं. ‘‘काकू, तुमची अडचण आहे ना, येते मी,’’ म्हणून ते बुडवून ती आली. पाणी आलं, पण ताई आल्या नाहीत. त्या आल्या दुसऱ्या दिवशी.

दुपारी कॅलेंडर घेऊन बसले. नळाच्या तारखांना निळा गोल केला: १, ५, ९, १३, १७, २१, २५, २९. ताईंच्या तारखांना लाल: २, ८, १४, २०, २६. पान उलटलं. ऑगस्टमध्ये नळ २ तारखेला, ताई १ तारखेला. निळा आणि लाल गोल एका चौकटीत कधी येणारच नव्हते. त्या मुलाचं उत्तर शब्दशः माझ्या भिंतीवर लटकत होतं.

मग तो प्रश्न मी पहिल्यांदा नीट सोडवला. ४ आणि ६ यांचा मसावि २. दोन्हींच्या सुरुवातीतल्या अंतराला २ ने भाग गेला तरच ते भेटतात. नळ १ तारखेला आणि ताई ३ तारखेला असत्या, तर पहिली भेट ९ ला झाली असती, मग दर १२ दिवसांनी: २१ ला, पुढे तशीच. लसावि दोन भेटींमधलं अंतर सांगतो. पहिली भेट कधी, किंवा होणार की नाही, हे सुरुवातीच्या तारखांवर ठरतं. चौथ्या दिवसाचा नळ आणि सातव्या दिवसाचा आठवडी बाजार मात्र सुरुवात कुठूनही असली तरी २८ दिवसांत एकदा गाठ घेणारच, कारण ४ आणि ७ यांचा मसावि १.

आपली जन्मतारीख आणि जन्मतिथी साधारण १९ वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, हे घरोघरी माहीत असतं. १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ सारखेच भरतात, म्हणून हे घडतं. तिथे पहिला दिवस कुणी विचारत नाही, कारण तारीख आणि तिथी दोन्ही एकाच दिवसापासून, जन्मापासून मोजतो. माझ्या उदाहरणात तो दिवस मी दिलाच नव्हता. प्रश्न अपुरा होता आणि शिक्षा मी तो अपुरेपणा दाखवणाऱ्याला केली.

शेजारच्या मुलीला मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या मुलाची माफी मागायची राहिली आहे. तो आता कुठे असतो, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी गल्लीतली मुलं शिष्यवृत्तीची गणितं घेऊन येतात. नळ-टँकरचं उदाहरण मी त्यांना अजूनही घालते, पहिला दिवस न देता. उत्तर १२ आलं तर एक गुण देते. ‘‘काकू, पहिल्यांदा कधी आला?’’ असं जो विचारतो, त्याला दोन.