बाबांचं तिकीट काढायचं की नाही?

फ्रीलान्सरच्या कॅलेंडरमध्ये दोनच सण असतात. एक दिवाळी आणि दुसरा, चार महिने अडकलेलं पेमेंट खात्यात जमा होतं तो. मागच्या नोव्हेंबरमध्ये हे दोन्ही सण पाठोपाठ आले आणि मी जोशात डिक्लेअर करून टाकलं, ‘‘यंदाची फॅमिली ट्रिप माझ्यातर्फे! इमॅजिका!’’

घरात दोन सेकंद शांतता. मग दादाचा सहा वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचं पिल्लू, सोफ्यावरून खाली उडी मारून नाचायला लागलं. दादा मोबाइलवर खोपोलीचं हवामान बघायला लागला, वहिनी म्हणाली, ‘‘सनस्क्रीन आणायला हवं.’’ आणि बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘छान. पाच तिकिटं काढ.’’

‘‘बाबा, आपण सहा जण आहोत.’’

‘‘मला चक्कर येते. तुला माहितीये ना.’’

माहिती होतं. लहानपणापासून माहिती होतं. २००६ साली आम्ही एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. मी चौथीत, दादा आठवीत. डोंबिवलीहून दादर, दादरहून बोरिवली, मग खाडी ओलांडणारी ती फेरीबोट. तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात जन्मले असतील त्यांना एस्सेलवर्ल्ड म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीनं आपल्या अख्ख्या पिढीला घरी न जाण्याची धमकी द्यायला शिकवलं होतं! १९८९ मध्ये सुरू झालेला तो पार्क २०२२ मध्ये बंद झाला, तेव्हा माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक एखादं आजोळ विकल्यासारखे हळहळले होते. तर, त्या दिवशी गेटपाशी बाबा म्हणाले, ‘‘मला चक्कर येते रे. मी बाहेर बसतो बॅगा घेऊन. तुम्ही मजा करा.’’ आम्ही केली. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा बाबा तिथेच होते. सकाळचाच पेपर चौथ्यांदा वाचत.

एनीवे. पाच की सहा हा प्रश्न मी तात्पुरता बाजूला ठेवला आणि तिकिटांच्या रिसर्चला लागले. मास कॉम केल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा ना!

मंगळवारची जादू

पहिला धडा : थीम पार्कच्या तिकिटाला एक किंमत नसते. विमानाच्या तिकिटासारखंच प्रकरण. शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि सणांचे दिवस महाग, आठवड्यातला मधला दिवस स्वस्त. सहा जणांना गुणलं की हा फरक जेवणाचा खर्च काढून देतो. शिवाय गर्दी कमी, म्हणजे रांगा लहान आणि रांग टाळणारं महागडं एक्सप्रेस तिकीट घ्यायची गरजच नाही. म्हणून मी नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार पकडला. पिल्लूची शाळा बुडणार म्हणून वहिनी थोडी कुरकुरली. पण पहिलीतल्या पोरानं एक मंगळवार शाळा बुडवली तर त्याचं आयएएस हुकत नाही, असं मी तिला पटवलं.

दुसरा धडा : अशा पार्कमध्ये मुलांचं तिकीट बहुतेक वेळा वयावर नसतं, उंचीवर असतं. एसटीत ‘पोरगं लहानच आहे हो’ म्हणून हाफ तिकीट काढण्याची आपली राष्ट्रीय परंपरा इथं चालत नाही. गेटवर पट्टी असते आणि पट्टी खोटं बोलत नाही. आम्ही पिल्लूला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. मुलांच्या तिकिटात तो आरामात बसत होता. पण त्याला मात्र याचं भयंकर वाईट वाटलं. कारण कमी उंची म्हणजे मोठ्या रोलर कोस्टरवर नो एंट्री! तो टाचा उंच करत होता आणि वहिनी म्हणत होती, ‘‘अरे, नीट उभा राहा, पैसे वाचतायत!’’

तिसरा धडा जरा महागात पडता पडता राहिला. एका डीलवाल्या साइटवर ‘निम्म्या किमतीत’ तिकिटं दिसली. मी खुशीत फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे, या नंबरवर पैसे टाका.’’ नंबर कुठल्या कंपनीचा नव्हता, कुणाचा तरी पर्सनल होता. मी पार्कच्या नावाचं बिल मागितलं तर त्यानं फोनच कट केला. तेव्हा बॉस, नियम सोपा आहे. तिकीट पार्कच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. आणि बाकी कुणाकडून घेतलंच तर तारीख कोणती चालते, जीएसटी धरलाय का, तारीख बदलता येते का, हे तीन प्रश्न आधी विचारा. जीएसटीचं हलक्यात घेऊ नका. २०१७ मध्ये तो आला तेव्हा थीम पार्कच्या तिकिटांवर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. कराशिवायचा आकडा बघून खूश झालेला माणूस पेमेंटच्या पानावर पोचला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बघणाऱ्याचे किती?

हे सगळं करून माझी एक्सेल शीट तयार झाली. आणि तिथं पुन्हा तोच रकाना. पाच की सहा?

खरं सांगते, आकडे बघून मीसुद्धा डळमळले होते. बाबांचे गुडघे कुरकुरतात, ते काही राइडमध्ये बसणार नाहीत. मग त्यांचे पूर्ण पैसे कशाला? डोंबिवलीच्या मैदानावर फन फेअर लागतो ना, तिथं हा प्रश्नच येत नाही. आकाशपाळण्यात बसेल त्यानं पैसे द्यायचे, खाली उभं राहून हात हलवेल त्याला फुकट. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्येही आधी असंच काहीसं होतं. १९५५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा आत जायचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे. लवकरच तिकिटांची पुस्तकं आली. ‘ए’ तिकीट साध्यासुध्या राइडचं, पुढे सगळ्यात धमाल राइडसाठी ‘ई’ तिकीट. १९८२ मध्ये हा प्रकार बंद झाला आणि एकच तिकीट, सगळ्या राइड असं सुरू झालं. आज जवळपास सगळीकडे तेच आहे. वीस राइड करणाऱ्यासाठी हे मस्त आहे. पण बॅगा सांभाळणाऱ्या बाबांसाठी? त्यांनाही वीस राइडचेच पैसे.

म्हणजे हिशेब सांगत होता, पाच. मी किचनमध्ये जाऊन आईला म्हटलं, ‘‘बाबांचं नको काढू मग? तसंही त्यांना चक्कर येते.’’

आई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘चक्कर? त्या दिवशी एस्सेलवर्ल्डच्या गेटवर तिकिटाला पैसे कमी पडले होते. घरी परत जायचे बाजूला काढले तर तीनच तिकिटं निघत होती. दादाला समजलं असतं म्हणून चक्कर.’’

मी तिथेच उभी. एकोणीस-वीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की आमच्या बाबांना पाळण्याची भीती वाटते. मैत्रिणींमध्ये त्यावर जोक मारलेत. आणि आता मीच एक्सेल शीट घेऊन त्यांना दुसऱ्यांदा गेटबाहेर बसवायला निघाले होते. तेही पैसे असताना!

रात्री मी सहा तिकिटं बुक केली. बाबा नुकतेच एकसष्ट पूर्ण झाल्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या दरात बसले. याचा त्यांना आनंद कमी आणि अपमान जास्त वाटला. पण तिकीट निघालंय म्हटल्यावर ‘पैसे वाया नको’ या एकाच मुद्द्यावर ते यायला तयार झाले.

खोपोली लोकल

गाडी ठरवण्याऐवजी आम्ही लोकलनं गेलो. डोंबिवलीकरांना खोपोली लोकलसारखं सुख नाही. कर्जतनंतर गाडी एकदम गावातली होते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. बाहेरचं खाणं अशा पार्कमध्ये सहसा आत नेता येत नाही, म्हणून वहिनीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी गाडीतच संपवली. पुढे स्टेशनवरून दोन रिक्षा. सहा जणांचा प्रवास एका कॅबच्या टोलइतक्या पैशात वाटावा असा झाला.

आत गेल्यावर आमचे आपोआप गट पडले. दादा आणि मी ‘नायट्रो’कडे पळालो. पायाखाली फरशी नसलेली ती रोलर कोस्टर साधारण चाळीस मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा इएमआय, डेडलाइन, एडिटरचे मेल, सगळं डोक्यातून साफ होतं. वहिनी पिल्लूला घेऊन छोट्या राइडकडे. आणि आई? ‘आय फॉर इंडिया’मध्ये बसून पडद्यावर अख्ख्या देशावरून उडून आलेली आई जे काही खूश झाली म्हणता! ‘‘पाय लटकत होते गं माझे, खाली डोंगर!’’ असं तिनं आम्हाला चार वेळा सांगितलं. बाबा तिच्या शेजारच्याच सीटवर होते. ते म्हणाले, ‘‘बरं होतं.’’ आमच्याकडे ‘बरं होतं’ म्हणजे चार स्टार.

माझा कॉन्फिडन्स वाढला. मनातल्या मनात मी २००६चं कर्ज फेडत होते. ‘मॅम्बो चाय चामा’ नावाची एक राइड आहे, चहाचे मोठ्ठे कप गोल गोल फिरतात. अगदी लहान मुलांना घेऊन बसण्यासारखी. मी म्हटलं, ‘‘बाबा, पिल्लूबरोबर बसा ना. यात काही नाहीये.’’

‘‘नको गं. चक्कर येते.’’

‘‘बाबा, मला आईनं सगळं सांगितलंय.’’

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं दुसरीकडे बघितलं. बाबा काही न बोलता जाऊन कपात बसले.

राइड संपली. पिल्लू उड्या मारत बाहेर आलं. त्याच्या मागून बाबा आले, कठड्याला धरून, पांढरेफटक. दादानं धरून बाकावर बसवलं. वहिनीनं लिंबू सरबत आणलं. मी पाण्याची बाटली घेऊन समोर उभी, चेहरा पडलेला. पाच मिनिटांनी बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘‘सांगत होतो ना तुला.’’

‘‘पण आई म्हणाली की पैसे...’’

‘‘पैसे कमी होते हेही खरं आणि चक्कर येते हेही खरं. दोन्ही एकाच दिवशी खरं असू शकतं की नाही? तेव्हा त्यातलं जे सांगायला बरं होतं ते सांगितलं.’’

मग सरबताचा घोट घेऊन म्हणाले, ‘‘पण त्या दिवशी बाहेरून तुम्ही दिसत नव्हता. नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. त्यातला तुमचा कुठला तेच ओळखत बसलो होतो दिवसभर. इथून दिसताय. जा, पुन्हा जा त्या उंचावर.’’

आम्ही गेलो. दुसऱ्यांदा नायट्रो वर चढत होती तेव्हा मी खाली बाकाकडे बघायचा प्रयत्न केला. एवढ्या उंचीवरून माणूस ओळखू येत नाही. तरी मी हात हलवला.

तर मित्रमैत्रिणींनो, थीम पार्कचं बजेट करताना मंगळवार निवडा, उंची मोजा, जीएसटी बघा, लोकलनं जा. तिथं वाचतील तेवढे पैसे वाचवा. कुणाचं तिकीट कापायचं हा मात्र आकड्यांचा प्रश्न नाही. न खेळणारा माणूसही तिथं काहीतरी बघायला आलेला असतो, हे माझ्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ज्याला खरंच यायचं नसेल त्याला जबरदस्तीनं कपात बसवू नका, हेही मी आता अनुभवानं सांगू शकते.

परतीच्या लोकलमध्ये पिल्लू वहिनीच्या मांडीवर झोपलं होतं. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. रिटायर्ड क्लार्क शेवटी! प्रत्येकाचं तिकीट भागिले त्यानं केलेल्या राइड. पिल्लू अकरा, दादा नऊ, मी आठ, वहिनी सात, आई पाच.

‘‘आणि माझ्या दोन,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हणजे एका राइडमागे सगळ्यात जास्त खर्च माझ्यावर झालाय.’’

हे त्यांनी दादाला सांगितलं, आईला सांगितलं आणि कर्जतला समोर येऊन बसलेल्या अनोळखी काकांनाही सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही हं. चक्क भाव खात!