वाचलेलं पाणी जातं कुठे?

सकाळी साडेआठला होस्टेलची टाकी रिकामी झाली की आपण सगळेच जलतज्ज्ञ होतो! पण माझा पाण्याचा खरा अभ्यास झाला तो आमच्या अडीच एकर डाळिंबात. गाव सांगोला तालुक्यातलं. पाऊस बेताचा, विहीर एक आणि तिच्यात आप्पांचा अन् काकांचा निम्मा निम्मा वाटा.

2015 साली केंद्राची प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजना आली. ‘प्रति थेंब अधिक पीक’ हा तेव्हा तिचा एक भाग होता. त्यात ठिबक-तुषारसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान. पुढे महाराष्ट्राने पूरक अनुदान देऊन ते 80 आणि 75 टक्क्यांवर नेलं. ऐकायला झकास! पण हे टक्के सरकारी मापदंडातल्या खर्चावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. शिवाय अर्ज, पूर्वसंमती, संच बसवणं, बिल, मोका तपासणी एवढं झालं की मग पैसे खात्यात. तोवर रक्कम कोणी उभी करायची? आमच्याकडे आईच्या पाटल्या गहाण पडल्या. अनुदान आलं, पाटल्या सुटल्या. पण मधले सात महिने ती लग्नकार्यालाही काचेच्या बांगड्यांवरच गेली.

ठिबक मात्र कामाचं निघालं. आमच्या बागेत झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर. दोन तासांत 16 लिटर, म्हणजे आपली आंघोळीची एक बादली, तीही थेट मुळाशी. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीत पाणी उरलं. काका म्हणाले, "उरलंय तर पलीकडचा एकर पण लावून टाकू की!" लावला. शेजारच्यांनीही तेच केलं. दोन वर्षांत विहीर पुन्हा मार्चमध्येच तळाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर एफिशियन्सी वाढली, पण लोडही वाढवला. त्यात पाटाचं जे पाणी ‘वाया’ जात होतं, त्यातलं थोडं मुरून विहिरीतच परत येत होतं. तेही थांबलं. झाडापाशी वाचलेलं पाणी जमिनीत शिल्लक राहतंच असं नाही.

नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) हिवरे बाजारने हे फार आधी ओळखलं. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

यंदा काकांच्या डोक्यात आणखी अर्धा एकर आहे. आप्पांनी मला फोनवर विचारलं, "तू इंजिनिअर होणार, तूच सांग." मी म्हटलं, आधी विहिरीत दोर सोडून दर आठवड्याला पातळी वहीत लिहा, मग झाडं मोजू. काका अजून रुसलेत, पण वही सुरू झालीय.

सरकार नळीचे पैसे देतं, आणि ते द्यायलाच हवेत. वाचलेलं पाणी विहिरीतच ठेवायचं की नाही, हे मात्र भावाभावांनी बसूनच ठरवावं लागतं.